पडशी

मामा रतीब घालायचे तेव्हा पहिल्या दारात दूध डावीकडच्या कॅनमधून निघायचं, दुसऱ्या दारात उजवीकडच्या. दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेले की पहाटे चारला मी त्यांच्या राजदूतच्या टाकीवर बसून दिंडोरी रोडनं नाशिकला यायचे. म्हसरूळ आलं की शहराचे दिवे दिसायला लागायचे आणि पंचवटीतल्या पहिल्या वाड्यापाशी मामा गाडी स्टँडला लावायचे. गाडीच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्यांचा एकेक सांगाडा वेल्ड केलेला, त्यात ॲल्युमिनियमचा एकेक कॅन, प्रत्येकात वीस लिटर दूध. डावं, उजवं, डावं, उजवं. एखाद्या घरी दोन लिटर लागलं तर एक माप इकडून आणि एक तिकडून. मी एकदा विचारलं, असं का? मामा म्हणाले, "एका अंगानं हलकी झाली की गाडी दुसऱ्या अंगाला ओढते. मग दिवसभर हात दुखतो, अन् कळत नाही कशानं दुखतोय."

गेली अकरा वर्षं मी मोटरसायकलवर फिरते आहे. आधी पल्सर, २०१९ पासून सेकंडहँड घेतलेली हिमालयन. सातपूरला नोकरी, त्यामुळे फिरणं म्हणजे जोडून आलेल्या सुट्ट्या आणि वर्षातून एखादी लांबची फेरी. या अकरा वर्षांत सामानाच्या पिशव्या मी चार वेळा बदलल्या. आज गाडीवर जी व्यवस्था आहे ती पाहते तेव्हा लक्षात येतं की तिच्यातलं जवळजवळ सगळं त्या पहाटेच्या रतीबात होतं. वजन खाली, दोन्ही अंगांना सारखं, स्वाराच्या जवळ आणि हलणार नाही असं घट्ट. माझ्यासारखं फिरायला निघालेल्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं, कारण नवीन गाडी घेणारा माणूस हेल्मेट, जॅकेट, दिवे यांचा विचार करतो आणि सामान शेवटच्या रात्री, मिळेल त्या दोरीनं बांधतो.

आपल्याकडे या वस्तूला जुना शब्द आहे, पडशी. मधे पट्टा आणि दोन्ही टोकांना तोंडं असलेली दुहेरी झोळी. खांद्यावर टाकली की एक तोंड छातीवर, एक पाठीवर. घोड्याच्या पाठीवर टाकली की एक या कुशीला, एक त्या कुशीला. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या त्र्यंबकच्या रस्त्यानं चालत येतात, तेव्हा एखाद्या म्हाताऱ्या वारकऱ्याच्या खांद्यावर मला अजून पडशी दिसते. रेल्वे येण्याआधी वंजाऱ्यांचे तांडे धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून घाट चढत-उतरत होते, तेही असंच, दोन्ही कुशींना गोणी. आज दुकानात सॅडलबॅग म्हणून जी मिळते ती हीच. कापड बदललं, बकलं आली, कल्पना तीच आहे.

माझी पहिली लांबची फेरी भंडारदऱ्याची. सामान कॉलेजच्या सॅकमध्ये, सॅक पाठीवर. घोटीपर्यंत काही वाटलं नाही. राजूरच्या वाटेला लागल्यावर मानेच्या खाली खांद्यांच्या मधोमध एक बिंदू जळायला लागला आणि परत येईपर्यंत तो जळत राहिला. पाठीवरच्या सॅकबद्दल माझं मत तेव्हापासून पक्कं आहे: पाण्याची पिशवी आणि पातळ रेनकोट, याहून जास्त काही पाठीवर नको. थकवा तर येतोच, पण पडलो तर सॅकमधला पाना किंवा कुलूप थेट मणक्यावर येतं. जॅकेटच्या खिशातल्या जड किल्ल्यांचंही तेच. जे कठीण आहे ते गाडीवर, अंगावर फक्त कागदपत्रं, पैसे आणि फोन. हे तीन मात्र अंगावरच, कारण गाडी आणि आपण वेगवेगळ्या ठिकाणी पडू शकतो.

मग पल्सरसाठी सीटवरून टाकायची सॅडलबॅग घेतली. दिसायला सुंदर, काळी, लाल दोरा. सापुताऱ्याहून परतताना वणीच्या अलीकडे वास आला, प्लास्टिक जळल्यासारखा. उजवी पिशवी वजनानं खाली लोंबून सायलेन्सरला टेकली होती. तळहाताएवढं भोक आणि आत माझी एकुलती एक कोरडी पँट, गुडघ्यापाशी वितळलेली. दुकानदारानं पिशवी गाडीवर टाकून दाखवली होती, पण रिकामी. रिकामी पिशवी कुठेही टेकत नाही. म्हणून आता कोणी विचारलं तर सांगते, दुकानात जाताना घरून पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या तांदूळ घेऊन जा. पिशवीत भरा, गाडीवर टाका, सीटवर बसून दोन-चार वेळा शॉकॲब दाबून बघा. सायलेन्सर, इंडिकेटर आणि चाक, तिन्हीपासून चार बोटं अंतर राहिलं तरच पैसे द्या.

हिमालयन आली तेव्हा मी टॉपबॉक्स घेतला. सीटच्या मागे कॅरियरवर बसणारा कडक डबा, छेचाळीस लिटरचा. हेल्मेट मावतं, कुलूप लागतं, पाऊस आत येत नाही. शहरात त्यासारखी सोय नाही, हे मी आजही म्हणेन. कॉलेज रोडवर भाजी घेतली, डब्यात टाकली, झालं. बिघडलं ते तोरणमाळला जाताना. पिंपळगाव, चांदवड, राहुड घाट असा मुंबई-आग्रा महामार्ग. घाट उतरल्यावर सरळ रस्ता, वेग नव्वदच्या आसपास, शेजारून कंटेनर गेला आणि त्याच्या वाऱ्याच्या झोतानं हँडल हातात हललं. हललं ते थांबेना. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, अगदी बारीक, पण पुढचं चाक रस्त्याला धरून नाही असं सांगणारं. मी ॲक्सिलरेटर हळूहळू सोडला, ब्रेकला हात लावला नाही, साठवर आल्यावर ते शांत झालं. मालेगावपर्यंत मी साठच्या वर गेले नाही.

परत आल्यावर मामांना सांगितलं. ते तेव्हा सत्तरीला आले होते, रतीब बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग मागचं चाक कुठे आहे ते पाहिलं, मग पुन्हा डब्याकडे. म्हणाले, "गाडी उलार झालीय गं."

उलार. बैलगाडीत सगळा माल मागे भरला की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर भार राहत नाही, दांड्या आभाळाकडे बघायला लागतात, तेव्हा गाडी उलार झाली म्हणतात. माझ्या हिमालयनचं हेच झालं होतं. डबा मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे बसलेला, वर उंच, आणि आत तेरा किलो. तेवढं वजन तिथे लोंबलं की मागचं चाक टेकू होतं आणि पुढचं चाक वर उचललं जायला बघतं. ते प्रत्यक्ष उचललं जात नाही, पण त्याच्यावरचा दाब कमी होतो, आणि पुढच्या चाकावरचा दाब म्हणजेच गाडीची दिशा. वेग कमी असताना हे कळत नाही. वाऱ्याचा झोत आला, खड्डा आला, की कळतं. वरून या डब्यांना वारा लागतो तो वेगळा. गाडीच्या पुस्तिकेत कॅरियरवर किती वजन ठेवायचं ते लिहिलेलं असतं. तो आकडा बऱ्याच गाड्यांवर पाच ते दहा किलोच्या आतला असतो, आणि त्यात डब्याचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. नुसता डबाच चार-पाच किलोचा असतो, मग उरलं किती? मी ती पुस्तिका तोरणमाळहून आल्यावर उघडली.

डब्यात तेरा किलो आले कुठून, हे त्याहून महत्त्वाचं होतं. त्या संध्याकाळी मी हॉलमध्ये चादर अंथरली आणि डबा रिकामा केला. मराठीत खोगीरभरती म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. खोगीर फुगावं म्हणून त्यात जे काही सापडेल ते कोंबायचं. दोन जोड बूट. चहाची शेगडी, तिचा गॅस आणि दोन पातेली, रस्त्यात दर दहा किलोमीटरला टपरी असताना. तीन जीन्स, आणि एक जीन्स म्हणजे पाऊण किलो. चेन ल्यूबचा मोठा डबा, जेव्हा चार दिवसांना छोटी बाटली पुरते. दोन लिटर पाणी, म्हणजे दोन किलो. पाने-स्क्रूड्रायव्हर पिशवीसकट तीन किलो, सगळ्यात वर, सगळ्यात मागे. मी ते सगळं त्यात ठेवलं होतं कारण डब्यात जागा होती. एवढंच कारण.

तेव्हापासून मी उलट क्रमानं जाते. आधी चादरीवर सामान, मग त्यातलं एकेक उचलून परत कपाटात, मग उरलेल्याचं वजन, आणि शेवटी पिशवी. वजनाला हातात धरायचा छोटा काटा वापरते, कांद्याच्या गोणीला वापरतात तसला हुकाचा. चार-पाच दिवसांच्या फेरीला माझं सगळं सामान आता चौदा किलोत बसतं: डाव्या पिशवीत पाच, उजव्या पिशवीत पाच, मागच्या लांबट पिशवीत चार. हत्यारं आणि पंक्चरचं सामान बाजूच्या पिशव्यांच्या तळाशी, पुढच्या कोपऱ्यात, म्हणजे माझ्या टाचेच्या मागेच. कपडे आणि झोपण्याची पिशवी मागे, कारण ती फुगलेली असतात पण हलकी. भरल्या गाडीला चाकात हवा पुस्तिकेत दिली असेल तेवढी वाढवते आणि मागच्या शॉकॲबची स्प्रिंग घट्ट करणारी कडी सी-स्पॅनरनं, म्हणजे तिच्या अर्धगोल पान्यानं, दोन खाचा पुढे घेते. नाहीतर गाडीची शेपूट बसते आणि दिवा रात्री समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

टँकबॅगेबद्दल, म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर बसणाऱ्या पिशवीबद्दल, थोडक्यात. चुंबकाची बॅग घ्यायच्या आधी घरातलं फ्रिजवरचं चुंबक टाकीला लावून बघावं, कारण पुष्कळ नव्या गाड्यांच्या टाकीवर प्लास्टिकचं आवरण असतं आणि त्यावर चुंबक बसत नाही. बसत असेल तर बॅग लावण्याआधी टाकी पुसावी, एक वाळूचा कण पुरतो रंगावर चंद्रकोर काढायला. मी टँकबॅगेत फक्त वरचेवर लागणाऱ्या वस्तू ठेवते: सुटे पैसे, चष्मा, औषधं, गोदाकाठचे मनुके.

आता पाऊस. नाशिककरांना पावसाचं वेगळं सांगायला नको. शहरात ऊन असतं, पाथर्डी फाट्यापर्यंत ऊन असतं, आणि घोटी ओलांडली की समोर पांढरी भिंत. एका जुलैत मी आणि माझी मैत्रीण भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावी मुक्कामाला निघालो. माझ्या पिशव्यांना रेनकव्हर होतं, रबराची इलॅस्टिक असलेलं, दुकानातून पिशवीबरोबरच मिळालेलं. इगतपुरीच्या बाजूनं येणाऱ्या वाऱ्यानं एक कव्हर कधी उडालं ते कळलंही नाही. दुसरं जागेवर राहिलं आणि त्यानं जास्त नुकसान केलं: चाकानं उडवलेलं पाणी खालून आत शिरलं आणि कव्हरच्या झोळीत साचलं. पिशवी दोन तास त्या पाण्यात बसली होती. मुक्कामी झिप उघडली तर टॉवेल पिळण्यासारखा. ज्यांच्याकडे उतरलो त्या मावशींनी दोन घोंगड्या दिल्या आणि चुलीपाशी जागा करून दिली. मैत्रिणीचे दात वाजत होते. घोंगडीचा तो धुराचा आणि लोकरीचा वास आजही पहिल्या पावसात मला आठवतो, आणि त्याबरोबर तिचे निळे पडलेले ओठही.

म्हणून पिशवीचं कापड नीट समजून घेतलं. दुकानात कापडावर १००० डी, १६८० डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनिअर, धाग्याची जाडी मोजायचं माप: नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितकं डेनिअर. म्हणजे नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत, साधारण नऊ किलोमीटर, एकच धागा ताणला आणि तो किलोभर भरला, तर तो हजार डेनिअरचा. घासलं तर टिकेल का, पडल्यावर फाटेल का, हे त्यावरून कळतं. पाणी आत येईल का, हे मात्र त्यावरून कळत नाही, आणि विकणारे नेमकी इथेच गल्लत करतात. पाणी कापडातून येत नाही, ते शिलाईच्या सुईच्या भोकांतून आणि झिपमधून येतं. ज्या पिशवीचे सांधे शिवलेले नसून उष्णतेनं चिकटवलेले असतात आणि तोंड झिपचं नसून गुंडाळायचं असतं, तीच कोरडी राहते. तोंड गुंडाळताना आधी गुडघ्यानं दाबून आतली हवा काढायची, मग किमान तीन वळ्या, मग बकल. दोन वळ्यांवर थांबलं तर घाटातल्या पावसात पाणी वाट काढतंच. आणि इतकं करूनही कपडे आत आणखी एका साध्या प्लास्टिकच्या पिशवीत. रेनकोट मात्र या कोरड्या पिशवीत ठेवायचा नाही. तो बाहेर, पट्ट्याखाली, एका हातानं निघेल असा.

बांधण्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण खरा धोका तिथे आहे.

मामांच्या राजदूतवर जास्तीचं काही असलं, ढेपेचं पोतं किंवा गवताची पेंढी, तर ते सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्यांनी बांधलेलं असायचं. ट्यूब ताणली जाते, चिकटून बसते, सरकत नाही आणि तिला लोखंडी आकडा नसतो. आपण सगळे जी बंजी दोरी वापरतो तिला दोन्ही टोकांना आकडे असतात. ताणलेली बंजी हातातून सुटली तर तो आकडा चेहऱ्याकडेच येतो, कारण आपण तिच्यावर वाकलेलो असतो. शिवाय बंजी लवचिक असते, म्हणून सामान खड्ड्यागणिक उडतं, आणि उडणारं सामान कधीतरी एका बाजूला सरकतं. हेल्मेट किंवा ओला रेनकोट दाबून धरायला बंजीची जाळी ठीक. वजनाला बकलाचे सपाट पट्टे हवेत, न ताणणारे, किमान चार ठिकाणी बांधलेले, दोन पुढे ओढणारे आणि दोन मागे.

पण पट्ट्याला मोकळं टोक असतं. पेठ रस्त्यावर सावळघाट चढत होते, एकटी. मागच्या पिशवीचा पट्टा सकाळी घट्ट ओढला होता आणि उरलेलं हातभर टोक पिशवीखाली खोचून दिलं होतं. चौथ्या-पाचव्या वळणावर गाडीला मागून कोणी धरावं तसा हिसका बसला. टोक निसटून चेन आणि मागच्या चकतीमध्ये गेलं होतं आणि गुंडाळलं जाऊन चाक जागेवर थांबलं. वेग वीस-पंचवीसचा होता, चढ होता, म्हणून पाय टेकवता आला. हेच महामार्गावर झालं असतं तर मी हे लिहीत बसले नसते. पट्टा चेनमध्ये इतका आवळला होता की ओढून निघेना. चाकू होता, पण हत्यारांच्या पिशवीत, आणि तेव्हा हत्यारांची पिशवी मागच्या पिशवीच्या तळाशी होती, आणि ती पिशवी त्याच अडकलेल्या पट्ट्यानं बांधलेली. पंधरा-वीस मिनिटांनी गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई वळणावरून आली. तिनं भारा कठड्यावर टेकवला, काही न विचारता कमरेचा विळा काढून माझ्या हातात दिला. मी पट्टा कापत असताना तिच्या भाऱ्याकडे बघत होते. गवताचीच पिळून केलेली दोरी, दोन फेरे, आणि उरलेलं टोक परत दोरीखाली घेऊन त्याची सुरगाठ. एक काडी लोंबत नव्हती.

आता माझ्या प्रत्येक पट्ट्याचं उरलेलं टोक गुंडाळून त्याच पट्ट्याला सुरगाठीनं बांधलेलं असतं. छोटा चाकू टँकबॅगेच्या बाहेरच्या खिशात असतो. आणि दर थांब्यावर, चहा सांगायच्या आधी, मी गाडीभोवती एक फेरी मारून प्रत्येक पट्ट्यावर हात फिरवते. पहिला थांबा निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवरच घ्यायचा, कारण भरलेलं सामान तेवढ्यात दबतं आणि पट्टे सैल पडतात.

कडक पेट्या घ्याव्यात की मऊ पिशव्या, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. कडक पेट्यांचं मोठं नाव म्हणजे गिवी. ज्युसेप्पे विसेन्झी या इटालियन रेसरनं १९७८ मध्ये ती कंपनी काढली, त्याच्याच नावाची पहिली अक्षरं जोडून. युरोपात, गुळगुळीत रस्त्यावर, रोज नव्या हॉटेलात उतरायचं असेल तर पेटीसारखं सुख नाही. कुलूप लावा, निघून जा. इथेही तिचा एक फायदा मला मनापासून मान्य आहे. सप्तशृंगी गडावर आणि त्र्यंबकला माकडं झिप उघडतात. उघडतात म्हणजे अक्षरशः दोन बोटांनी ओढून उघडतात. पेटीपुढे त्यांचं काही चालत नाही.

पण मी हरसूल, सुरगाणा, साल्हेरच्या पायथ्याचे रस्ते जास्त फिरते. तिथे खडी असते, चिखल असतो, आणि तोल सावरायला पाय टेकवावा लागतो. पाय टेकला आणि गाडी अजून पुढे सरकत असली, की कडक पेटीचा पुढचा कोपरा पोटरीवर येतो. पाय पेटीखाली सापडून हाड मोडणं ही जगभरच्या मोटरसायकलवाल्यांची ओळखीची दुखापत आहे. मऊ पिशवी पायावरून घासून जाते. गाडी आडवी झाली तर मऊ पिशवी उशीसारखी खाली येते, पेटी मात्र चेपते आणि मग तिचं झाकण लागत नाही. रुंदीही असते. दोन पेट्या लावून द्वारका चौकात संध्याकाळी सातला शिरून बघा, म्हणजे आपण रिक्षाएवढे झालो आहोत हे कळेल.

मऊ पिशवीला कुलूप नाही, ही अडचण खरी आहे, आणि एकट्या फिरणाऱ्या बाईला ती जास्त जाणवते. ढाब्यावर स्वच्छतागृहात जायचं तर सामान कोणाच्या भरवशावर टाकायचं? मी गाडी गल्ल्याच्या अगदी समोर लावते, गल्ल्यावरच्या माणसाला "दादा, पाच मिनिटं लक्ष असू द्या" म्हणते, टँकबॅग खांद्याला अडकवते आणि जाते. अकरा वर्षांत एकदाही काही गेलेलं नाही. गेलं असतं तर कपडेच गेले असते, महत्त्वाचं सगळं माझ्या खांद्यावर असतं.

मऊ पिशव्यांना खालून आधार लागतो. तो मी अंबडला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला. मामांना घेऊन गेले होते. तयार स्टँड बाजारात मिळतात, ॲल्युमिनियमचेही मिळतात. पण साधं लोखंड सुरगाण्यातल्या कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात जोडता येतं, ॲल्युमिनियम तिथे जोडून मिळत नाही. मामा स्टुलावर बसून बघत होते. कारागिरानं पाइप वाकवून गाडीला लावून दाखवला, तेव्हा मामा उठले, पिशवीच्या जागी हात ठेवला आणि म्हणाले, "अजून पुढं घ्या. पोरीच्या मांडीला लागेपर्यंत पुढं." कारागीर म्हणाला, मागच्या सीटवर बसणाऱ्याचे पाय कुठे जातील? मग दोघांनी मिळून खडूनं फरशीवर आकृती काढली, पुसली, पुन्हा काढली. शेवटी पिशवीचा पुढचा कोपरा खालून कापल्यासारखा तिरका झाला. पाय बसतात आणि वजन आसाच्या पुढे राहतं. डावीकडचा आणि उजवीकडचा स्टँड मागून एका आडव्या पट्टीनं जोडला, म्हणजे एकटा वाकणार नाही. वेल्डिंगचा लखलखाट सुरू झाला तेव्हा मामांनी डोळ्यांवर हात धरला, पण बोटांच्या फटीतून ते बघत होते.

गेल्या हिवाळ्यात मामा म्हणाले, गडावर जाऊन येऊ. बसनं नको, तुझ्या गाडीवर. ते आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी मागची लांबट पिशवी काढून टाकली, त्यांच्या पाठीला टेकायला जागा केली, शॉकॲबची कडी आणखी पुढे घेतली. दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत त्यांची शाल, माझा रेनकोट, दोघांचं पाणी, ओटीचं सामान. निघताना त्यांनी दोन्ही पिशव्या एकेक करून तळहातावर तोलल्या आणि पाण्याची एक बाटली डावीकडून काढून उजवीकडे ठेवली. दिंडोरी रोडला म्हसरूळ मागे पडलं, तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गावाकडच्या फाट्यापर्यंत तो तसाच होता.

दर्शन झालं. उतरताना वणीच्या बाजारात त्यांना नागली घ्यायची होती. डांगाकडून आलेली एक बाई पोत्यापुढे बसली होती, दाणे बारीक, लालसर. मामांनी मुठीत घेऊन फुंकर घातली, चार किलो सांगितली. तिनं तराजू उचलला आणि एक मोठी पिशवी झटकून उघडली.

"दोन करा," मामा म्हणाले. "दोन-दोन किलोच्या."

"एकीत बसंल की बाबा," ती म्हणाली.

"बसंल," मामा म्हणाले, आणि दुसरी पिशवी स्वतःच उघडून तिच्यापुढे धरली.